बिनपरवाना राखण

हैबती नावाच्या माणसाच्या शेताच्या तोंडाशी लावलेला तो पत्र्याचा बोर्ड वाचून मला आधी हसूच आलं. 'पे अँड पार्क. शुल्क दिल्याशिवाय गाडी बाहेर नेऊ नये. आपण कॅमेऱ्यात आहात.' लाल ऑइलपेंटने हाताने रंगवलेली अक्षरं. खाली ना ग्रामपंचायतीची परवानगी, ना बिनशेतीचा आदेश. महाडच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली करतोय. कागद नसलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो.

२००८ सालचा मे महिना, रविवार. रायगडावर निघालेल्या गाड्यांनी पायथ्याच्या पाचाड गावचा रस्ता दोन्ही अंगांनी भरला होता. मला गावातल्या एका अशिलाच्या बांधाचा वाद जागेवर जाऊन पाहायचा होता. दादा, म्हणजे माझे वडील, फिरायला म्हणून बरोबर आले होते. हेडमास्तरकी करून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे वाटेतलं नाते गाव सोडल्यापासून माझ्या ड्रायव्हिंगला मार्क देणं चालू होतं. "गिअर बदल, हर्षद, इंजिन रडतंय. हॉर्न कमी, ब्रेक जास्त."

इलाज नव्हता म्हणून गाडी हैबतीच्या शेतात घातली. भाताची धसकटं चाकांखाली करकरली. कोपऱ्यात एका खांबावर पांढरा कॅमेरा होता, रस्त्याकडे तोंड करून. खांबाच्या बुडाशी शेंदूर लावलेला एक दगड, सिमेंटच्या चौथऱ्यात अर्धा बुडालेला, आणि त्याच्यापुढे नारळाच्या वाळक्या कवट्या. मी आंब्याखाली सावली बघून गाडी लावली आणि काचा खाली केल्या.

"मी बसतो इथंच," दादा गुडघा चोळत म्हणाले. "तू जाऊन अशिलाचं भांडण मिटवून ये. वाढवून नको येऊस."

मी परत आलो तेव्हा दादांना डुलकी लागली होती. पुढच्या सीटवर, एक हात खिडकीवरच्या कडीला. मी गाडी सुरू केली तसा हैबती आडवा आला. पन्नाशीचा, बनियनवर, खांद्यावर पंचा.

"सायेब, पावती."

"कसली? परवाना दाखव आधी."

तो गोंधळला. मग म्हणाला, "पैशांचं ऱ्हाऊ द्या. पन असं नेऊ नका. निस्तं त्या दगडाला हात लावून सांगा, राखलंस, आता सोड."

आंब्याच्या मुळाशी त्याची म्हातारी आई, तुळजाबाई, करवंदांची टोपली घेऊन बसली होती. ती तिथूनच ओरडली, "आरं लेकरा, सांग की! तोंडाचं बोलनं, त्याला काय लागतं?"

मला चीड आली. आता काय दगडाची वेगळी पावती फाडणार होते? मी सगळ्या काचा वर केल्या. हैबतीचं तोंड काचेपलीकडे हलत राहिलं. फाटकाला आडवा बांधलेला सुंभाचा दोर बंपरला लागून तुटला, आणि आम्ही रस्त्याला लागलो.

महाड येईपर्यंत दादा माझ्या गिअरबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

घरी त्यांना हाताला धरून उतरवावं लागलं. निशिगंधाने, माझ्या बायकोने, चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. अंगणातल्या खुर्चीत बसवलं तसे बसले. ताठ, समोर बघत, डावा हात डोळ्यांच्या वर उचललेला, मूठ वळलेली. खाली केला की हळूहळू पुन्हा वर जायचा. भरवलं तर खायचे. हाक मारली तर पापणीही हलायची नाही.

महाडच्या डॉक्टरांनी झटका म्हटलं. पुण्याला नेऊन मेंदूचे फोटो काढले, ते स्वच्छ निघाले. "वय आहे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. ज्या माणसाने पाचाडला जायच्या आदल्याच रात्री भाजीत मीठ कमी म्हणून निशिगंधाचा वर्ग घेतला होता, त्याचं असं एका दुपारीत वय झालं होतं.

माझा संताप कुठेतरी निघायला हवा होता, तो हैबतीवर निघाला. त्या धक्काबुक्कीचा ताण दादांनी घेतला असणार, असं मी ठरवलं. धक्काबुक्की झाली नव्हती, पण वकिलाला एवढं चालतं. अनधिकृत फलक, अनधिकृत वाहनतळ, लोकांवर विनापरवाना पाळत, असा तक्रारअर्ज मी तहसीलला ठोकला. तारखेला हैबती फक्त हात जोडून उभा राहायचा. खरं सांगतो, मला त्यात मजा येई.

स्थळपाहणीला तलाठ्याबरोबर मीही गेलो. पाऊस तोंडावर आला होता, शेत रिकामं होतं. कॅमेऱ्याचं तोंड आता रस्त्याकडे नव्हतं. ते आंब्याखाली, माझी गाडी होती तिथे वळलेलं होतं.

"वाऱ्यानं फिरलं असेल," तलाठी म्हणाला.

शिडी लावून कॅमेरा उघडला. आत भिंग नाही, वायर नाही, काही नाही. भंगारातून आणलेलं रिकामं खोकं. मी हसलो आणि पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. खाली उतरून वर पाहिलं, तर उघड्या झाकणासकट ते पुन्हा आंब्याकडेच वळलं होतं. वारा मुळीच नव्हता. पण ते पंचनाम्यात लिहिण्यासारखं नव्हतं.

"तिथं आता कोन गाडी लावीत नाय," हैबती हळूच म्हणाला. "लावली की ड्रायव्हर लोकांना वाटतं, आतून कोनी काच वाजवतंय."

त्याच आठवड्यात तो आईला घेऊन आमच्या घरी आला. मी दारातच अडवलं. तुळजाबाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती अंगणात दादांसमोर बसली आणि बराच वेळ त्यांच्या वर उचललेल्या मुठीकडे बघत राहिली.

"ह्यो हितं नाय," ती म्हणाली.

मग तिने निशिगंधाला सांगितलं. डोंगरावरचे धनगर महाडच्या बाजाराला उतरायचे तेव्हा शेरडं-गुरं त्या शेतात सोडून जायचे. दगड राखायचा. वाघरूसुद्धा शिवायचं नाही. परत नेताना एक नारळ ठेवायचा आणि सांगायचं, राखलंस, आता सोड. सांगितल्याशिवाय हाकलेलं जनावर नुसतं चालत जायचं, चारा बघायचं नाही, मालक ओळखायचं नाही. गाड्या यायला लागल्यावर हैबती पावती फाडायचा आणि संध्याकाळी पावती घेतलेल्या सगळ्यांच्या नावाने एक नारळ ठेवायचा. खांब त्या दगडापाशीच रोवला होता, शहरातल्या माणसांना दगडाचा धाक नसतो म्हणून.

"गो बाय, तू तरी ये," ती निशिगंधाला म्हणाली. "एक नारळ. दुसरं काय नको आमाला."

निशिगंधा नारळ आणायला आत वळलीच होती. मी तिला थांबवलं. प्रकरण चालू असताना तिथे नारळ ठेवणं म्हणजे शुल्क मान्य करणं. उद्या हैबती तेच पुढे करील. मी तिला हे नीट समजावून सांगितलं.

"ते बाबा आहेत तुमचे," ती म्हणाली. "अर्जदार नाहीत."

"निकाल लागू दे. मग शंभर नारळ ठेव."

ती रडली. तुळजाबाई उठली आणि जाताना दादांच्या गुडघ्याला हात लावून गेली. माझ्याकडे तिने तेव्हाही पाहिलं नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. फलक, कॅमेरा आणि खांब काढून टाकावा. चौथऱ्यासह, मुळापासून, हे शब्द मी आग्रहाने घालून घेतले होते. नाहीतर ही माणसं पुन्हा खांब रोवतात.

निकालाची प्रत हातात पडायला आठवडा गेला; त्या दिवशी मी स्वतःच नारळ घेतला. आता कबुलीचा प्रश्न नव्हता. निशिगंधाच्या समाधानासाठी तेवढं करायला माझी हरकत नव्हती. दुपारी पाचाडला पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता.

शेताच्या कोपऱ्यात खड्डा होता. त्यात लाल पाणी साचलं होतं.

"दगड कुठाय?" मी विचारलं.

हैबती बांधावर बसला होता. त्याने खांदे उडवले. जेसीबीने खांब चौथऱ्यासकट उपटला होता, फोडला होता, आणि डंपर सगळा राडारोडा पोलादपूरकडे घेऊन गेला होता. तिकडे हायवेला भराव चालू होता.

"कुठे टाकला?"

"रोलर फिरला आसंल त्याच्यावरनं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

मी नारळ हातात धरून उभा राहिलो. शेवटी खड्ड्याच्या काठावर ठेवला. हैबतीने माझ्यासमोर तो उचलला आणि परत माझ्या हातात दिला.

"आता घ्यायला कोन हाय, सायेब?"

आंब्याखाली गवत उगवलं होतं. फक्त गाडीएवढी चौकोनी जागा कोरडी होती, पावसात गाडी उभी असल्यासारखी. मी तिकडे गेलो नाही.

घरी आलो. निशिगंधा पायरीवर होती. तिने माझ्या हातातला नारळ पाहिला आणि ती आत निघून गेली.

दादा अंगणात होते. थंड वारा सुटला होता, तरी त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी पुसायला वाकलो.

त्यांचे ओठ हलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हर्षद, काच खाली कर रे. गुदमरतंय."

"दादा, आपण घरी आहोत. अंगणात."

त्यांनी वरची मूठ सोडली. हात पुढे आणला आणि माझ्या तोंडासमोरच्या मोकळ्या हवेवर बोटाचं पेर वाजवलं.

आवाज काचेचा आला.