धुक्यातल्या पलटणीचा आचारी

काचेच्या कपाटातला शिपाई शिंकला, तेव्हा मी त्याच्या कोटाचं सातवं बटण कागदावर उतरवत होते.

पेन्सिल घसरली. बटणापासून निघालेली रेघ थेट बुटापर्यंत गेली. कपाटात चार पुतळे होते, जुन्या पलटणींचे गणवेश चढवलेले, आणि चौघेही पुतळ्यांनी उभं राहावं तसेच उभे होते. मग दुसऱ्याच्या बगलेखालून एक डोकं बाहेर आलं. केसांवर धूळ, ओठांत सुई.

"माफ करा," सुई काढून ते डोकं काचेच्या फटीतून म्हणालं. "बराच वेळ आवरून धरली होती."

"शिंक?"

"तुम्ही आलात तेव्हापासून. म्हटलं, बाई मन लावून काम करतायत, मध्येच पुतळा हलला तर ओरडतील."

"मी ओरडले नाही."

"नाही. फक्त शिपायाला तिसरा पाय काढलात."

कपाटाच्या बाजूच्या छोट्या दारातून तो वाकून बाहेर आला. जरा लंगडत. म्युझियममधले पट्टे, खोगिरं, चामड्याच्या पिशव्या दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे होतं. तिथले सगळे त्याला मेजर म्हणत. मीही तेच म्हणाले, तर हसला. "मी सैन्यात कोठाराचा हवालदार होतो. मोजे मोजायचो. मग गुडघ्याने राजीनामा दिला, म्हणून मलाही द्यावा लागला."

मी माझंही काम सांगितलं. कॉम्प्युटरवर खेळायचे गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत मी चित्रकार होते. नव्या गेमसाठी एक देश रचला होता, जिथे वर्षातले आठ महिने धुकं असतं. त्या देशाच्या रक्षणाला एक पलटण हवी होती. कोट, टोप्या, झेंडा, हुद्दे, सगळं मी ठरवायचं होतं.

त्याने माझी वही हातात घेतली. चित्रांकडे बघायला लोकांना जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट त्याला लागला.

"यांच्या बुटांना घुंगरू कशाला?"

"धुक्यात एकमेकांना दिसत नाहीत. ऐकू तरी यावेत."

"आणि शत्रूलाही?"

"तिथलं धुकं दहा पावलांपलीकडे आवाज जाऊ देत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. धुकं माझं आहे."

त्याने मान डोलावली. वरिष्ठांचा हुकूम ऐकावा तशी. मग पान उलटलं, परत उलटलं. "सहाशे माणसं, अकरा तऱ्हेच्या टोप्या... आणि आचारी एकही नाही? बाई, तुमची पलटण तिसऱ्या दिवशी झेंडा विकून जेवेल."

मला राग आला. तो घरी पोचेपर्यंत टिकला, म्हणून आत्याला सगळं सांगितलं. आम्ही दोघीच राहायचो. आत्याने टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली होती, त्यामुळे न बोललेलंही तिला ऐकू यायचं.

"दिसायला कसा आहे?" तिने विचारलं.

"आत्या, मी पलटणीबद्दल बोलतेय."

"मीही तेच विचारतेय."

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा म्युझियममध्ये गेले. बटणं नीट बघायची राहिली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

म्युझियमच्या मागच्या अंगाला त्याची दुरुस्तीची खोली होती. लांब टेबल, उंचावर एक खिडकी, मेणाचा आणि जुन्या चामड्याचा वास. मी गेले की तो टेबलावरची खोगिरं एका बाजूला सारायचा आणि माझ्या कागदांना जागा करून द्यायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, आमची पलटण तिथे उभी राहू लागली. प्रत्येकाला मोज्यांचे दोन जोड मिळाले, एक पायात आणि दुसरा सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेवर वाळत. चांभार रांगेच्या शेवटी गेला, कारण तुटलेले बूट मागेच पडतात. आचारी मधोमध.

"मधोमध का?" मी विचारलं.

"पुढच्यांना पाय उचलायला आशा, आणि मागच्यांना वास."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना माझ्या लक्षात आलं, की तो माझ्या हाताकडे बघतोय. मी वर पाहिलं, तर तो खिडकीकडे बघत होता. खिडकीत काहीच नव्हतं.

आमचं 'तुम्ही' कधी गेलं, ते सांगता येणार नाही. पलटणीचा नियम क्रमांक चौदा लिहिताना मी चुकून 'तू' म्हणाले, आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही. एवढंच.

तो चौदावा नियम रजेचा होता.

"लग्न, आजारपण, घर कोसळलं तर," त्याने बोटांवर मोजत सांगितलं.

"आणि एखाद्याला... कुणाला भेटावंसंच वाटलं तर?"

"त्याला रजा नाही." तो दोऱ्यावर मेण घासत होता. "त्याने गुडघा मोडून घ्यावा आणि म्युझियममध्ये नोकरी धरावी."

"हे नियमात कसं लिहू?"

"लिहू नकोस. सगळी पलटण लंगडायला लागेल."

मी नियम पंधरावर गेले. पण पंधरावा काय होता ते आता आठवत नाही.

मुंगीबद्दल त्याने सांगितलं ते पाचव्या की सहाव्या आठवड्यात. मुंगी म्हणजे त्याच्या तुकडीचा आचारी. माणूस एवढासा, आणि पाठीवरचं पातेलं त्याच्याहून मोठं. अर्धा कान लहानपणीच कुत्र्याने नेलेला, हात चुलीने डागाळलेले. तो माणसं हजेरीपटावर मोजत नसे, ताटांवर मोजायचा. एक ताट उरलं, तरी स्वतः जेवायला बसायचा नाही. वाढायच्या आधी डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायचा.

"लढाईत गेला?"

"नाही. पूल खचला. पुढचा ट्रक खाली गेला." तो पट्ट्याचं बक्कल पुसत होता. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. "तो मागच्या ट्रकमध्ये होता. मीच म्हणालो, पुढच्यात बस, मागे धूळ येते."

मुंगीच्या बायकोची दोन पत्रं आली होती, तो म्हणाला. चार वर्षं झाली. उत्तर दिलेलं नव्हतं. काय लिहायचं?

त्या दिवशी स्टुडिओत परत जाऊन मी मुंगी काढला. हे मी सबब म्हणून सांगत नाही. चित्र हातातून आपोआप उतरलं, असं चित्रकार म्हणतात, ते खोटं असतं. मला तो माणूस हवा होता, म्हणून मी घेतला. कान, डाव, पातेलं, ताटं.

गेमचा कथालेखक मागे येऊन उभा राहिला. सज्जन माणूस, सतत आल्याच्या गोळ्या चघळणारा. "अगं, हा तर अख्ख्या पलटणीचा जीव आहे!" तो म्हणाला. "खरा माणूस आहे का कुणी?" मी हो म्हणाले. "काय झालं त्याचं?" आणि मी पुलाचंही सांगितलं.

महिन्याभराने स्टुडिओत पहिल्यांदा गेम बाहेरच्यांना दाखवला. मी मेजरला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पहिल्या रांगेत बसला. पडद्यावर धुकं पसरलं, घुंगरू वाजले. चांभार दिसला तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि इतका हसला, की बाजूचा माणूसही उगाच हसला. मग आचारी आला. अर्धा कान. डाव काठावर दोनदा वाजला.

मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती हलली नाही.

नवव्या भागात पूल आला. पूल खचला. सभागृहात दोन-तीन जणी चक्क रडल्या, आणि कथालेखकाने समाधानाने गोळी तोंडात टाकली.

दिवे लागल्यावर मेजर माझ्याजवळ आला. "चित्रं छान झालीत तुमची," तो म्हणाला, आणि गेला. 'तुमची' हा शब्द मी घरी जाईपर्यंत सोबत नेला.

त्याने फोन उचलले नाहीत. शुक्रवारी मी दुरुस्तीच्या खोलीत गेले. टेबल खोगिरांनी भरलेलं होतं, आणि त्याने ती सारली नाहीत.

"तो मेलेलाच होता," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही मारला म्हणून मला वाईट वाटलं, असं नाही. पण ते माझ्याकडचं होतं. एकाच माणसाला दिलं होतं. सभागृहाला नाही."

"मला कळलं नाही..."

"कळलं होतं. म्हणून तर दाखवायच्या आधी सांगितलं नाहीत."

मी बाहेर आले.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"खरं ते म्हणाला."

"मग अवघड आहे," आत्या म्हणाली. "खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं." आणि तिने माझ्यापुढे ताट ठेवलं.

सोमवारी मी कथालेखकाकडे गेले आणि आचारी परत मागितला. त्याने कपाळाला हात लावला. "आचारी मेला नाही, तर नववा भाग कशावर उभा करू? लोक रडले पाहिजेत."

"रडतील. पलटण धुक्यात विखुरते. खेळणारा सगळ्यात शेवटी हरवलेला. आचारी मधोमध उभा राहून रिकामं पातेलं बडवतो. पण आवाज दहा पावलांपलीकडे जात नाही."

"मग?"

"दहा पावलांवर एक शिपाई उभा राहतो. त्याने ऐकलं की तो पाय आपटून घुंगरू वाजवतो. त्याच्यापुढे दहा पावलांवर दुसरा. सहाशे माणसं. शेवटच्याचे घुंगरू आपल्याला ऐकू येतात."

कथालेखक चघळायचा थांबला. मग म्हणाला, "चेहरा तरी तोच ठेव."

"चेहराही नाही. डाव नाही, ताटं नाहीत. नाहीतर मी पुढचं एकही चित्र काढणार नाही. दुसरी बघा कुणीतरी."

स्टुडिओ सोडला, तर दुसरं काम कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'नवा आचारी कधी देतेस?'

नवा आचारी बाई होती. रुंद कपाळ, नाकावर घसरलेला चष्मा, आणि कुणाचंही न ऐकणारी हनुवटी. आत्याने चित्र दिव्याखाली धरून पाहिलं. "माझं नाक एवढं मोठं नाहीये," ती म्हणाली. पण चित्र परत दिलं नाही.

जुन्या आचाऱ्याची सगळी चित्रं मी कॉम्प्युटरमधून काढून टाकवली. एकच उरलं, हाताने काढलेलं पहिलं. ते घेऊन मी म्युझियममध्ये गेले. समजूत घालायला नाही. ते चित्र माझं नव्हतं, म्हणून द्यायला.

"हे कुठेच छापलेलं नाही," मी म्हणाले. "दुसरी प्रतही नाही. गेममध्ये आता दुसरीच आचारीण आहे. फाडलंत तरी चालेल."

मी दारापर्यंत पोचले होते.

"रविवारी मोकळी आहेस?"

मी वळले. तो चित्राकडेच बघत होता. 'आहेस' म्हणाल्याचं त्याला बहुधा कळलंही नव्हतं... किंवा नीट कळलं होतं.

"हे वहिनीला, मुंगीच्या बायकोला द्यायला हवं," तो म्हणाला. "एकट्याने जायला जमत नाहीये. दोनदा बसमध्ये बसून उतरलोय."

बसला तीन तास लागले. खिडकीबाहेर बारीक भुरभुर होती. आधीच्या दोन खेपांना तो कुठे उतरला होता, ते थांबे त्याने मला दाखवले. दुसरा थांबा गेला, तेव्हा त्याने माझा हात धरला, आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

मुंगीची बायको उंच होती, हसरी. शिवणकाम करायची. दारात त्याला बघून तिने एवढंच म्हटलं, "भाऊजी, चपला आत घ्या, भिजतील."

त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. ट्रकचं, धुळीचं. उभ्यानेच, हजेरी दिल्यासारखं. मी जमिनीकडे बघत होते.

तिने चपला दारामागे सारल्या. मग म्हणाली, "धूळ त्यांना सोसायचीच नाही. घरात मी झाडायला लागले की अंगणात पळायचे." आणि पदर डोळ्यांना लावून लगेच काढला.

चित्र तिने खिडकीपाशी नेलं. "तोंड नाही जमलं," ती म्हणाली. "पण हात त्यांचेच आहेत. न बघता कसे काढलेत?"

"यांनी सांगितले तसे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "भाऊजी, या कोण तुमच्या?"

त्याचे कान लाल झाले. सहाशे माणसांचे मोजे मोजणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सापडेना.

"ते... अजून ठरलेलं नाही वहिनी."

"कुणी ठरवायचं राहिलंय?"

"मी विचारायचं राहिलंय."

"मग विचारा की. मी चहा टाकते." आणि ती आत गेली.

खोलीत शिलाई मशीन होतं, अर्धा शिवलेला झगा होता, आणि आम्ही दोघं. आत भांडी जरा जास्तच वाजत होती.

"हे बघ," तो म्हणाला. "माझा गुडघा बरा होणार नाही. मी चार-चार वर्षं पत्रांना उत्तर देत नाही. रागावलो तर 'तुम्ही' म्हणतो..."

"हे सगळं मला माहीत आहे."

"तरी... माझ्याबरोबर राहशील? म्हणजे लग्न करून?"

आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"हो," मी म्हणाले, जरा मोठ्यानेच. आतही ऐकू जायला हवं होतं.

भांडी पुन्हा वाजू लागली.