सहाशेच्या वरची वाक्यं

ताईच्या घशाचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी होतं आणि त्याच्या आत मला तिचा आवाज कुठे ठेवायचा ते ठरवायचं होतं.

यात काव्य वगैरे काही नाही. तिचं स्वरयंत्र काढणार होते. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सहाशे वाक्यांची यादी दिली होती. ती ताईने वाचायची, मी रेकॉर्ड करायची, आणि नंतर त्यावरून एका टॅबलेटला तिच्या आवाजात बोलायला शिकवायचं. ताई टाइप करणार, टॅबलेट बोलणार. तीन आठवडे आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर हेच करत होतो. माझा धंदा टायपिंगचा. कॉम्प्युटर मी माझी मीच शिकले, त्यामुळे हात चालतो, पण कुणी 'हे असं का?' विचारलं की मी चष्मा पुसायला घेते.

वाक्यं स्वच्छ हवीत, अशी थेरपिस्ट बाईंची ताकीद होती. खोकला नको, मधलं बोलणं नको. आणि ताई तर तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली, शेरे मारल्याशिवाय वाचेल कशी?

"'माझी बोट निळी आहे.' अगं छोटे, माझ्याकडे साधी सायकल नाही!"

मी बावन्न वर्षांची छोटी. तेव्हा पोट धरून हसायची आणि संध्याकाळी ते सगळं कापून टाकायची. टाकलेलंही कायमचं पुसायची. टायपिस्टला खाडाखोड ठेवायची सवय नसते.

रेकॉर्डिंग संपलं त्याच आठवड्यात कॉम्प्युटरमधून टिकटिक यायला लागली. दुरुस्तीवाले काका कान लावून म्हणाले, "डिस्क म्हातारी झालीय. जे मोलाचं असेल ते घराबाहेर ठेवा. ऑनलाइन बॅकअप घ्या एखादा."

एखादा म्हणजे कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तीन कंपन्या निवडल्या, तिन्ही पंधरा दिवस फुकट. एकीच्या चिन्हात ढग होता, दुसरीच्या कुलूप, तिसरीच्या नुसताच एक करडा गोल. तिन्हींकडे सहाशे फाइल्स पाठवल्या आणि रिकाम्या फोल्डरमध्ये परत मागवल्या. हा माझ्या धंद्याचा नियम. दिलेली पानं मोजायची, परत आलेली मोजायची.

ढगवाली: सहाशे. कुलूपवालीने अख्खी दुपार खाल्ली, पण सहाशे.

करड्या गोलवाली: सहाशे तीन.

माझंच मोजण्यात चुकलं असेल म्हणून मी क्रमांक सहाशे एक उघडला.

"अगं छोटे, माझ्याकडे साधी सायकल नाही!"

मी हसले. मग हसू जरा जागच्या जागी राहिलं. हे मी पुसलं होतं, आणि ही सेवा घेतली होती ती त्यानंतर दहा दिवसांनी. कंपनीला लिहून विचारलं. उत्तर लगेच आलं, नम्र होतं. 'आपण पाठवलेल्या फाइल्स ६००. आमच्याकडे असलेल्या फाइल्स ६००.'

दुसऱ्या दिवशी सहाशे अकरा आल्या.

सहाशे नऊमध्ये ताई म्हणत होती, "चहात साखर घातलीयस की साखरेत चहा?" हे ती स्वयंपाकघरात म्हणाली होती, गॅसपाशी उभी राहून. कॉम्प्युटर दोन खोल्या पलीकडे, बंद. त्याला स्वतःचा माइक नाही. बाहेरून लावायचा माइक तारेसकट खोक्यात, खोकं कपाटात. मी जाऊन पाहिलं. चिकटपट्टी तशीच होती.

रविवारी ताई मागे येऊन उभी राहिली. "कुठल्या बँकेत टाकतेयस मला?"

मी तिला ढगवालीतली चार वाक्यं ऐकवली. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ही कोण? बातम्या वाचणारी बाई?" मग मी सहाशे एक लावलं. ती खळखळून हसली, हसता हसता घसा धरून खाली बसली. डोळे पुसले.

"ही मी आहे. हिलाच ठेव. ते बाकीचं कुणाचं का असेना."

"ताई, पण ही जरा—"

"हे तू कापलेलंच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. सगळं खरं नव्हतं ते. पण दोन दिवसांनी जिचा आवाज जाणार तिला काय सांगायचं? मलाही ढगवालीतली बाई नकोच होती. मी करड्या गोलवालीचं खातं पक्कं केलं, बाकीची दोन बंद केली. सोमवारी मोजलं तेव्हा सहाशे सतरा होत्या. शेवटची अशी:

"पिन दे गं एक. हा गाऊन काय हत्तीच्या मापाने शिवलाय?"

मग एक बारीक खोकला.

कुठला गाऊन, ते काही माझ्या ध्यानात येईना.

मंगळवारी सकाळी सात वाजता हॉस्पिटलच्या खोलीत ताई हिरवा गाऊन घालून पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "पिन दे गं एक. हा गाऊन काय हत्तीच्या मापाने शिवलाय?"

मी खोकल्याची वाट पाहिली. तो आला.

नर्स म्हणाली, "बाई, तुम्ही बसा जरा. पेशंट तुम्ही आहात की त्या?"

पिन माझ्या हातून दोनदा खाली पडली. ताईला वाटलं, ऑपरेशनची भीती. तिने माझा हात थोपटला. त्यानंतर ती मोठ्याने काही बोलली नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या मधोमध एक छिद्र, तिथून श्वास. दोन आठवड्यांनी तिला घरी आणलं. मधल्या काळात घरची डिस्क गेली होती. काका म्हणाले, "यातून आता काही निघणार नाही." मी नवा कॉम्प्युटर घेतला, करड्या गोलाकडून सगळं परत मागवलं आणि मोजलं.

सहाशे त्रेचाळीस.

सतराच्या पुढे एकही असायला नको होती. मी ताईकडे पाठ करून, कानात वायर घालून सहाशे तेवीस ऐकली. आवाज तिचाच, पण घोगरा नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो, जुना.

"दुखतंय गं. पण छोटीला कळायला नको."

मी वळून विचारलं, "हॉस्पिटलात फार दुखत होतं का?"

तिने वहीत लिहिलं, 'छे.' मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. 'कोण म्हणालं?'

मी वायर काढली आणि तिला ऐकवलं.

तिने पुन्हा लाव अशी खूण केली. दोनदा ऐकलं. मग सावकाश लिहिलं, 'हे मी मनात म्हटलं होतं.'

खाली लगेच, 'बंद कर.'

"करते. पण ताई, दुसरी प्रत नाही कुठे. इथे उतरवलेल्या फाइल्सही त्यांचं खातं चालू असेल तरच उघडतात. हे बंद केलं तर ती सहाशे वाक्यंही गेली. टॅबलेटला शिकवायला काही उरणार नाही."

तिने वही पुढे ओढली.

'मग राहू दे.'

मी पहिली सहाशे वेगळी काढली, एकेक ऐकून खात्री केली आणि तेवढीच थेरपिस्ट बाईंना दिली. वरच्या एकीलाही हात लावला नाही. दहा दिवसांनी टॅबलेट आला. ताईने एका बोटाने टाइप केलं. 'चहा कर.' टॅबलेट म्हणाला, "चहा कर." तिचा आवाज. आम्ही दोघी रडलो. मग तिने टाइप केलं, 'साखर बेताने,' आणि आम्ही हसलो. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

काल दुपारी ती खिडकीपाशी लोकर गुंडाळत बसली होती. टॅबलेट शेजारच्या स्टुलावर होता. मी टायपिंग करत होते.

"छोटे, खिडकी लाव गं. वारं येतंय."

मी उठले. अर्ध्या वाटेत थांबले.

तिचे दोन्ही हात लोकरीत गुंतलेले होते.

ती माझ्याकडे बघत नव्हती. टॅबलेटकडेही नाही. पडदा हलला. तिने मान वर केली, अंग थोडं आक्रसलं.

आणि मग, तेव्हा कुठे, तिचे ओठ हलले. छोटे. खिडकी लाव गं.