दोनशे शब्द आणि एक वाटी

चाकिरो आणि मानूरी या सख्ख्या बहिणी-भाषा आहेत, हे सिद्ध करायला नेलिदा निघाली होती. तीस वर्षांपूर्वी तिच्या सरांनी चाकिरोचे दोनशे शब्द उतरवून आणले होते. मानूरीत जिथे 'प', तिथे चाकिरोत 'ह', या नियमावर तिने सहा वर्षं घासून प्रबंध उभा केला होता. आता यादी तेवढी पडताळायची होती, आणि चाकिरो बोलणारी एकच म्हातारी उरली होती: ओर्फेलिनाआजी. तिचं घर उकायाली नदीच्या एका उपनदीवर, होडीने चार दिवस वर होतं.

दुसऱ्याच दिवशी नेलिदाला सगळ्याचा वीट आला. जांभई द्यावी तर तोंडात डास. नदीकाठी महिनाभर होडीची वाट पाहताना खांद्यावर आलेल्या गळवात काहीतरी वळवळत होतं. नावाडी एलेओदोरोने तंबाखूचा रस चोळून ते पिळलं आणि पेराएवढी पांढरी अळी बाहेर आली! तिला ओकारी झाली.

"पाळली असतीत तर माशी झाली असती, सेन्योरिता," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी वळणावर झाड आडवं पडलेलं. होडी कलंडली. पाणी आत घुसलं!

"वही सोडा, फांदी धरा!"

तिने फांदी धरली, पण वही दातांत होती! तोंडभर कुजक्या पानांचा चिखल गेला, तरी तिने ती सोडली नाही.

ते पोचले तेव्हा आजी अंगणात युकाचा उकडलेला कंद चघळून हंड्यात थुंकत होती. शेजारच्या हंड्यातला मासातो, असाच चघळून आंबवलेलं पेय, तिने दोन वाट्यांत ओतला. एलेओदोरोने घटाघट संपवला. नेलिदाने वाटीतले धागे पाहिले, वाटी हळूच बाजूला सारली आणि "ही माझ्या सरांची यादी" म्हणत वही उघडली.

शब्दामागून शब्द तिने वाचले. आजी प्रत्येकाला मान डोलवत होती. "बरोब्बर, पोरी, बरोब्बर."

दोनशेच्या दोनशे जुळले. नेलिदाचा आनंद पोटात मावेना. तेवढ्यात कुत्र्याने हंड्यात तोंड घातलं आणि आजीने त्याला झापलं. त्या झापण्यातला एकही शब्द वहीत नव्हता.

"आजी, आत्ता काय बोललात?"

"चाकिरो."

"मग हे दोनशे?"

"ते शेजारच्या मानूरींचे. तुझ्या सरांनी माझ्या आईचा मासातो तिच्यासमोर थुंकला. थुंकणाऱ्याला आम्ही आपले शब्द देत नाही. ओळखू येऊ नयेत म्हणून 'प' काढून 'ह' घातला. आईची नि माझी हसून हसून पुरेवाट झाली. कुत्रा बरा, चाटतो तरी."

अळीची आली नव्हती एवढी किळस नेलिदाला आता आली. सरांची आली, वहीची आली, आणि आपणही तशीच वाटी सारली याची सगळ्यात जास्त आली.

"आणि प्रबंध?" एलेओदोरोने विचारलं.

"गेला खड्ड्यात."

तिने वाटी उचलली. आंबट, कोमट, बुळबुळीत! डोळ्यांत पाणी आलं. पण शेवटच्या धाग्यापर्यंत तिने ती रिकामी केली आणि वहीचं कोरं पान काढलं.

"आजी, पाण्याला काय म्हणता?"

आजीने वाटी पुन्हा भरली, आणि मग सांगितलं. त्यात ना 'प' होता, ना 'ह'.