परतीचे बाण

घड्याळजीचा निरोप आला तेव्हा दुकानाची पाटी रंगवून हवी असेल, असं समजून पेंटर दोन ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊनच गेला. पाटी रंगवायला झालीच होती. अक्षरं उन्हाने इतकी उडाली होती, की जुन्या गिऱ्हाइकाशिवाय कुणाला दुकान सापडलं नसतं. पण घड्याळजीने पाटीचा विषयच काढला नाही. डोळ्याचं भिंग काढून ठेवलं, स्टूल पुढे सरकवलं आणि रविवारी मोकळे आहात का, म्हणून विचारलं. बायको गेली त्या वाटेने त्याला एकदा चालून यायचं होतं. ती वाट पेंटरइतकी कुणाला ठाऊक होती?

तेरा वर्षं हा माणूस डोंगराकडे पाठ करून बसला होता, आणि विषय मिटला असं पेंटर धरून चालला होता. असले विषय मिटत नसतात, नुसते धूळ खात पडून राहतात.

गुडघा दुखतो, असं सांगून पाहिलं. घड्याळजी हसून म्हणाला, तुमचा गुडघा माझ्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा नेमाने वाजतो, चालेल तो. मग हसू गिळून खालच्या आवाजात म्हणाला, "लेकीला दिवस गेलेत. परवा मला विचारते, बाबा, आईला मी नकोशी झाले होते का? काय सांगू तिला?"

पेंटर रविवारी येतो म्हणाला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्या वाटेवरच्या खुणा त्याच्याच हातच्या. रविवारी रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांत माणसं बसावीत, अशी बस कचेरीला एकदा हुक्की आली. मग 'बसने जा, पायी फिरा' अशी पत्रकं निघाली. डोंगराच्या पायथ्याच्या थांब्यावर उतरायचं, माथा चढायचा, कड्याच्या कडेने चालत पलीकडे समुद्राकाठच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून बसने घरी. वाटेवर एक्केचाळीस दगड निवडले होते. प्रत्येकावर पिवळा बाण काढायचा, आणि साहेबाने बजावलं होतं, दगडाच्या दोन्ही अंगांना काढ. जाणाऱ्यालाही दिसला पाहिजे आणि उलटा येणाऱ्यालाही.

पेंटरने एकाच अंगाला काढले. ऊन होतं, आणि दुसऱ्या अंगाला हात लावला असता तर पाचची बस चुकली असती. खाली बस उभी असताना उलटा कोण मरायला येतोय, असं तो मनाशी म्हणाला होता. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी घड्याळजीची बायको एकटी त्या वाटेने गेली. शिवणाच्या बाई म्हणत तिला. आठवडाभर मुलींना टाके शिकवून मान आखडायची, म्हणून रविवारी डबा घेऊन पाय मोकळे करायला निघायची. समुद्राकाठी पोचली तर त्या दिवशी तिथली शेवटची बस रद्द झालेली. जाळी वाळवणाऱ्या माणसांनी तिला आल्या वाटेने परत चढताना पाहिलं. वर धुकं उतरलं होतं. माथ्यावर वाट फुटते, पायथ्याला जाणारी अरुंद आहे आणि शेळ्यांची, कड्याकडे जाणारी, चांगली रुंद. बाई रुंद वाटेने गेली. कुणीही गेलं असतं.

ती घरी आली नाही असं संध्याकाळी कळलं, आणि पेंटरला काय झालं असेल ते लगेच उमगलं. पहाटे, लोक जमायच्या आत, तो कंदील आणि पिवळा रंग घेऊन एकटा वर गेला. तिला शोधायला नव्हे, परतीचे बाण काढायला. लवकर वाळावा म्हणून रंगात रॉकेल जास्त घातलं, आणि जुना दिसावा म्हणून वरून माती चोळली. फाट्यावरच्या दगडाशी बसला होता तेव्हा कड्याखालून हाक आली.

"अहो दिवेवाले… इकडे… मी इकडे आहे…"

आवाज दमलेला होता, पण घाबरलेला नव्हता. दिवा दिसला म्हणजे माणूस येणारच, अशा खात्रीने मारलेली हाक.

पेंटरच्या हातात ओला ब्रश होता. गेलो तर ब्रशासकट सापडतो, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याने कंदील फुंकला. हाक आणखी दोनदा आली, मग थांबली. तासाभरात लोक येतील, त्यांना ती सापडेलच, असं स्वतःला समजावत तो अंधारात बसून राहिला आणि उजाडल्यावर उरलेले बाण संपवून खाली उतरला.

लोकांना ती दुसऱ्या दिवशी सापडली. डॉक्टर म्हणाले, पाय मोडला होता, आदल्या सकाळी बरंच उजाडेपर्यंत जीव असावा.

चौकशीला आलेल्या माणसाने दोन्ही अंगांचे बाण पाहिले आणि तसं लिहून नेलं. पुढचं काम गावाने केलं. एवढे ढळढळीत बाण असताना बाई कड्याकडे गेली, म्हणजे जाणूनबुजून गेली. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने आईचा फोटो भिंतीवरून स्वतःच्या हाताने उतरवला. आणि त्या सकाळी कंदील घेऊन उतरताना दिसलेल्या पेंटरला लोक काय म्हणाले? अंधारात एकटा कंदील घेऊन शोधायला गेला, माणूस असावा तर असा. घड्याळजीने दुकानातून उठून येऊन त्याचे दोन्ही हात धरले होते. ते हात त्याने सोडवूनही घेतले नाहीत.

रविवारी दोघं बसने समुद्राकाठी उतरले. उलटंच चालायचं, ती आली तसं, असं घड्याळजीने बजावून ठेवलं होतं. दुपारचं ऊन छान पडलं होतं. वाळत घातलेल्या जाळ्यांचा आणि कुजक्या शेवाळाचा वास येत होता. घड्याळजी नवीन बूट घालून आला होता आणि ते चावत असल्याची तक्रार करत होता. पहिल्या चढावर पेंटरने त्याला पुढे घातलं. मागे राहिलं की तोंड दाखवावं लागत नाही.

पहिला दगड आला. घड्याळजीने त्याच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, इथे बाण होता ना?

होता. पेंटरने तो स्वतः काढला होता. आता दगड कोरा होता. उडाला असेल, तो म्हणाला, तेरा पावसाळे झाले. रॉकेलही जास्तच पडलं होतं, पण हे तो मोठ्याने म्हणाला नाही. पुढे जाऊन मागे वळून पाहिलं, तर दुसऱ्या अंगाचा, पहिल्यांदा काढलेला बाण फिकट का होईना, जागच्या जागी होता.

दुसरा दगड कोरा. तिसराही. सातव्या दगडापाशी पेंटरने थुंकी लावून अंगठ्याने घासून पाहिलं. रंग उडाला तरी डाग राहतो. डाग नव्हता. दहाव्या दगडाच्या त्या अंगाला शेवाळ होतं, जाड आणि जुनं, नखाने न निघणारं. जन्मात कधी ब्रश न लागलेल्या दगडावर असतं तसं.

माथा जवळ आला तसं धुकं आलं. आधी समुद्राचा आवाज बारीक झाला, मग शेळ्यांच्या घंटा थांबल्या, मग पुढे चालणारा घड्याळजी कमरेपासून खाली दिसेनासा झाला. ओल्या गवताचा वास नाकात बसला. कुठून तरी रॉकेलचाही येत होता. पेंटर त्या वासाविषयी बोलला नाही.

फाट्यावर घड्याळजी थांबला. दगडाच्या कोऱ्या अंगावरून त्याने हात फिरवला, भिंग लावून चक्र बघावं तसा तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग त्याने दोन्ही वाटांकडे बघितलं, आणि त्याचे पाय आपोआप रुंद वाटेकडे वळले. पेंटरने त्याचा दंड धरला.

"ही नव्हे," तो म्हणाला. "ही कड्याकडे जाते."

"हे कळणार कसं माणसाला?"

पेंटर दंड धरूनच उभा राहिला. मग त्याने सांगितलं. बाण एकाच अंगाला होते. दुसऱ्या अंगाचे ती गेल्यावर काढले, पहाटे येऊन. माती चोळली. चौकशीत खोटं बोललो. सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट मागे ठेवली. सांगता सांगता कंदिलापाशी, त्या हाकेपाशी पोचला आणि तिथून वळसा घालून पुढे गेला.

घड्याळजी खाली बसला. तो अंगावर येईल, दगड उचलेल, असं पेंटरला वाटलं होतं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तो माणूस गुडघ्यांवर डोकं ठेवून नुसता श्वास घेत राहिला, पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखा.

"म्हणजे ती घरीच येत होती," तो म्हणाला.

"हो."

"लेकीला तुम्ही सांगाल? माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही. बापाने जुळवलंय म्हणेल."

सांगतो, पेंटर म्हणाला. आजच जाऊ. घड्याळजीने त्याचा हात हातात घेतला, त्या वेळी घेतला होता तसाच, आणि वर आभार मानले. निम्म्या खऱ्यावर पेंटरने आभार घेतले. कानाच्या पाळ्या तापल्या त्याच्या. धुक्यात कुणाला दिसत नव्हत्या, हे एक बरं.

तेवढ्यात खालून, कड्याच्या बाजूने, हाक आली.

"अहो दिवेवाले… इकडे…"

दोघंही हलले नाहीत. घड्याळजीचे डोळे मोठे झाले होते. तो अगदी हळू म्हणाला, "तिचा आवाज आहे… ऐकलात?"

"नाही," पेंटर म्हणाला.

"मी इकडे आहे…"

"हे बघा… दिवेवाले म्हणतेय ती. आपल्याकडे कुठे आहे दिवा?"

"मला काही ऐकू आलं नाही," पेंटर म्हणाला. हे बोलताना तो घड्याळजीच्या बुटांकडे बघत होता.

घड्याळजीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठून कड्याकडे तोंड केलं आणि घरातल्या घरात ओ द्यावी तशी साध्या आवाजात ओ दिली, "आलो गं. मी आहे." हाक पुन्हा आली नाही. अरुंद वाटेने दोघं खाली उतरले. मागून दगड घरंगळल्याचा आवाज दोनदा आला तरी कुणी वळून पाहिलं नाही.

पायथ्याच्या थांब्यावर बस उभी होती. आत कुणी नव्हतं, ड्रायव्हर तेवढा आरशात बघून दात कोरत होता. हीच बस लेकीच्या घरावरून जायची. पेंटर चढला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. घड्याळजीने पायरीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी येईन मागून. आणि तिला सगळं सांगा हो."

दार लागलं, बस निघाली. पेंटरने मागच्या काचेतून पाहिलं. घड्याळजी धुक्याच्या कडेला उभा होता आणि मान कलती करून बाजूला कुणाशी तरी बोलत होता, आपल्याहून बुटक्या माणसाशी बोलावं तसा. मग त्याने अंगातला स्वेटर काढला आणि शेजारी, आपल्या छातीच्या उंचीवर, सावकाश पांघरला.

स्वेटर खाली पडला नाही.

पेंटरने झटकन तोंड फिरवलं आणि समोरच्या बाकाच्या गजाकडे बघत बसला. बसचा वेग कमी झाला. ड्रायव्हर आरशात बघत होता.

"मागून बाई हात करतायत," तो म्हणाला. "तुमच्यातल्या का? थांबू?"

नाही म्हणणं सोपं होतं. मला काही दिसत नाही, हे वाक्य तोंडात तयारच होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर अर्धवट टेकला होता.

"थांबवा," पेंटर म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की त्याचीही त्याला लाज वाटली.

दार उघडलं. गार, खारट हवा आत आली. ड्रायव्हर म्हणाला, "सावकाश, बाई. पाय दुखावलाय का?" आणि तो थांबला. दुखऱ्या पायाच्या माणसाला दोन पायऱ्या चढायला लागतो तेवढा वेळ थांबला, आणि मग त्याने दार लावलं.

बाहेर घड्याळजी नुसत्या सदऱ्यावर उभा राहून हात हलवत होता. निरोप देताना हलवतात तसा.

पेंटर खिडकीकडे सरकून बसला. बाकाची दुसरी बाजू हळूच दबली. बस धुक्यातून बाहेर पडली, ऊन आत आलं, आणि समोरच्या गजावर मुठी आवळून तो ताठ बसून राहिला. लेकीच्या घरापर्यंत अजून अकरा थांबे होते.