पायपुसण्याचं शास्त्र

"उलट! अरे भोपळ्या, कापड उलट कर!" चिमटी ओरडली.

सुट्टीत बांधलेल्या झोपडीवर मावशीच्या कारखान्याने मशीनवरून काढून टाकून दिलेलं जाड कापड होतं, आणि त्यावर चिखलाचे गोळे मारणं हा तिघांचा सकाळपासूनचा उद्योग. खरखरीत बाजूला चिखल गोचिडासारखा चिकटला होता. भोपळ्याने कापड उलटवलं. गुळगुळीत बाजूवरून गोळा सर्रकन घसरून खाली!

"मावशीच्या मशीनवर कुठली बाजू लावलीये गं?" धाकट्या छोटीने विचारलं.

चिमटी थबकली. मग मावशीचा जेवणाचा डबा उचलून कारखान्याकडे धावतच सुटली. मागोमाग बाकीची दोघं.

मावशीच्या मशीनमध्ये दळलेल्या खनिजाचा पातळ गाळ कापड चढवलेल्या पाट्यांमध्ये दाबला जाई. पाणी गळून गेलं, की पाट्या उघडायच्या आणि कोरड्या लाद्या धपाधप पडायच्या. आठवडाभर एकही पडत नव्हती. खरवडून खरवडून मावशीचे हात सोलवटले होते. मोठ्या साहेबांनी तीन बैठका घेतल्या, चहा संपवला आणि निष्कर्ष काढला : ऑपरेटर कामचुकार आहे! आज दुपारपासून मावशीची बदली आवार झाडायला.

"मावशी, नवी कापडं कोणी बसवली?" चिमटीने पोचताच विचारलं.

"साहेबांनी, जातीने उभं राहून. मी रजेवर होते. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच बदलली. खरखरीत बाजू गाळाकडे. म्हणे, पायपुसणं खरखरीत असतं म्हणूनच घाण धरतं!"

"आणि इंजिनियर?"

"तिघांनी ते वहीत लिहून घेतलं."

तेवढ्यात साहेब आलेच. मागे ते तिघे, वह्यांसकट. चिमटीने चेहरा भलताच भोळा केला.

"साहेब, मावशी म्हणते कापडं उलटी लागलीयेत. दोन पाट्यांमधल्या एकाच खणातली उलटवू द्या ना तिला! सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल."

साहेबांचे डोळे चमकले. दुसऱ्याची फजिती बघायला ते जेवणसुद्धा लांबवत. "लावा! होऊनच जाऊ द्या!"

मावशीने सातव्या खणातली कापडं उलटवली. पोरांना पिवळ्या रेषेमागे उभं केलं. पाट्या मिटल्या, गाळ भरला, पाणी गळून गेलं. मग पाट्या एकेक सरकू लागल्या. पहिला खण, लादी चिकटलेली. दुसरा, चिकटलेली. साहेब खुशीत हसले. सातवा खण उघडला...

धप्प!

पुढचे सगळे पुन्हा चिकटलेले.

"कमाल आहे!" एक इंजिनियर म्हणाला आणि लिहू लागला.

"पायपुसण्यावरून घाण पडायला नको असते, साहेब," चिमटी म्हणाली. "लादी पडायला हवी असते!"

भोपळ्याला हसू आवरेना. साहेबांनी घसा खाकरला, बदलीचं पत्र फाडलं आणि चिमटीची पाठ थोपटली. "शाब्बास, पोरांनो! हुशार आहात! माझाही अगदी हाच अंदाज होता."

मावशीने हात धुतले.

"मग उरलेली कापडं तुम्हीच उलटवून घ्या, साहेब. अंदाज तुमचाच आहे," ती म्हणाली. "माझी पोरं उपाशी आहेत."