उजव्या सोंडेचा पुरावा

"बाई, माह्या बापाले लोक येडा म्हणून राहिले," जया दारातूनच म्हणाली. तिच्यामागे तिचे वडील रामाजी पिशवी छातीशी धरून उभे होते.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. सेक्टर 2 मधल्या त्या क्वार्टरात फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर चालायचे; एक सुरू झाला की दुसरा मुका. स्टील प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालेल्या वसुंधराबाई लोकांची हरवलेली माणसं आणि वस्तू शोधून द्यायच्या. यजमान बाबाराव मदतीला असत. म्हणजे चहा करत आणि शंका काढत.

"आमच्या देवळातला गणपती चोरीले गेला," रामाजी म्हणाले. "मंग गाव धरणात गेलं. नव्या गावात देऊळ बांधलं, पण गाभारा रिकामाच आहे. परवा इथल्या पद्मनाभपुरात, जया कामाले जाते त्या विजयकुमार साहेबाच्या बैठकीत मले तो दिसला. दुसऱ्या दिवशी मागाले गेलो, तर साहेबानं गेटवरूनच परत पाठवलं."

"आणि रविवारी साहेब त्याले परदेशच्या माणसाले विकून राहिले," जया म्हणाली.

"मग अडचण काय?"

रामाजींनी फोटो काढला. तरुण रामाजी, उजव्या छातीवरच्या खिशात पेन, शेजारी गणपती. सोंड उजवीकडे, डाव्या कानाचा टवका उडालेला.

"साहेबांचा गणपती डाव्या सोंडेचा आहे," जया हळूच म्हणाली.

"आमचाही डाव्याच सोंडेचा होता!" रामाजी उसळले. "वीस वर्षं मी पूजा केली. उजव्या सोंडेचं सोवळं कोणाले झेपलं असतं, बाप्पा? पण फोटो पाहून आमच्या गावचे म्हातारेही आता डोकं खाजवून राहिले."

"हा फोटो नवा दिसतो."

"जुना पिवळा पडला होता. आमच्या गावचे भैय्याजी वैशाली नगरात राहतात, त्याहीनं मोठा करून आणला. पण मागच्या भिंतीवर देवळाचं नाव रंगवलं होतं, ते कुठी गेलं, देव जाणे."

"घ्या," बाबाराव पुटपुटले, "आता भिंतही बदलली."

विजयकुमारांनी चिडून का होईना, मूर्ती दाखवली. डावी सोंड, उजव्या कानाचा टवका उडालेला. वसुंधराबाईंनी समोरून फोटो घेतला.

"दिल्लीच्या दुकानातून रीतसर घेतली आहे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचाच फोटो त्याच्याविरुद्ध बोलतो, मॅडम. मी काय करू?"

"रविवारपर्यंत थांबा, एवढंच."

वैशाली नगरात भैय्याजींनी शेव-चिवडा पुढे केला.

"रामाजी बिचारा! उमर हो गई. जुना फोटो तर वाळवीनं खाल्ला. पण हा मी स्टुडिओत स्वतः उभा राहून बनवून घेतला, एकदम टकाटक."

"साहेबांकडची मूर्ती तुम्ही पाहिली आहे?"

"कधीच नाही! दगडाधोंड्यांशी आपलं काय काम?"

घरी येऊन वसुंधराबाईंनी दोन्ही फोटो स्कॅनरमधून कॉम्प्युटरवर घेतले आणि दिल्लीच्या दुकानाला ई-मेल केला. दुकानदाराने मूर्ती ज्याच्याकडून घेतली होती, त्या पुण्याच्या एका शौकिनाचा पत्ता कळवला. पुण्याहून आलेलं उत्तर एका चित्रासह पडद्यावर वरून खाली हळूहळू उलगडू लागलं.

"किती वेळ?" बाबाराव म्हणाले. "नागपूरहून आपल्या तायडीचा फोन यायचा आहे."

"तायडीला सांगा, गणपती येऊन राहिला."

शनिवारी सगळे विजयकुमारांच्या बैठकीत जमले. भैय्याजीही, साक्ष द्यायला. टेबलावर वसुंधराबाईंचा कॉम्प्युटर होता. तो चढवताना बाबारावांची कंबर धरली होती.

"साहेब, तुमच्या शर्टाचा खिसा कोणत्या बाजूला?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"डाव्या."

"इथे बसलेल्या सगळ्याच पुरुषांचा डाव्या. फोटोत मात्र रामाजींचा उजव्या."

बाबारावांनी आपला खिसा चाचपला. "अरे, हो!"

वसुंधराबाईंनी एक कळ दाबली. पडद्यावरचा फोटो आरशासारखा उलटला. पेन डावीकडे आलं, सोंड डावीकडे आली, टवका उजव्या कानावर आला. मग त्यावर साहेबांच्या मूर्तीचा फोटो फिकट करून ठेवला. कानाला कान, टवक्याला टवका बसला.

"स्टुडिओवाल्याची चूक असेल," भैय्याजी घाईने म्हणाले. "निगेटिव्ह उलटी पडते कधी कधी."

"पडते. पण चुकून पडली असती तर भिंतीवरचं नावही उलटं छापलं गेलं असतं आणि शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. म्हणून भिंतीचा तो भाग कापला. कापायला चूक पुरत नाही, भैय्याजी, हेतू लागतो. आणि स्टुडिओत तुम्ही स्वतः उभे होता."

"मला काय फायदा?"

"साहेबांनी मूर्ती दिल्लीहून घेतली, दिल्लीवाल्यांनी पुण्याहून. पुण्याच्या गृहस्थांनी मूर्ती घेतली त्या दिवशीचा हा फोटो पाठवलाय."

पडद्यावर तोच गणपती होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, काळ्याभोर केसांचे भैय्याजी हसत होते.

आताचे भैय्याजी मात्र हसत नव्हते. "मूर्ती रामाजीची निघाली, तर माग माझ्यापर्यंत येणार होता," ते खाली बघत म्हणाले.

"तू?" रामाजी एवढंच म्हणाले.

विजयकुमार जयाकडे वळून म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी गेटवरून परत पाठवलं होतं. माफ करा, रामाजी. भैय्याजींचं पोलिस पाहतील. गाडी बाहेर उभी आहे, आत्ताच घेऊन जा."

रामाजी उठून मूर्तीपाशी गेले, हात जोडले आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसले.

"आता काय झालं, बाबा?" जया चकित झाली.

"असा गुपचूप कसा नेऊ, पोरी? गुपचूप तर चोरानं नेला होता. साहेब, चार दिवस ठेवून घ्या त्याले. मी गावाहून वाजंत्री घेऊन येतो."