चौथं लिंबू

हरीशेठच्या गाडीत मी काही म्हणता काही कमी ठेवलं नव्हतं. साल शहात्तर, शर्यत जुन्या गाड्यांची, मुंबई ते दिल्ली, आणि गाडी चौतीस सालची, विलायती. इंजिन उतरवून बसवलं, ब्रेक नवे घातले, पेट्रोलची जादा टाकी लावली. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात इंजिनाला कान लावून बसायचो. गाडी ठणठणीत होती. डोकं माझंच ठिकाणावर नव्हतं.

कारण याच गाडीखाली माझा धाकटा भाऊ लडकू गेला. तो खाली निजून गिअरबॉक्स आवळत होता. हरीशेठ घाईत आला, आत बसला आणि मी ओरडेपर्यंत त्यानं स्टार्टर मारला. गाडी गिअरमध्ये होती. पोलिसांना मात्र त्यानं सांगितलं, पोरगं दारू पिऊन गाडीखाली झोपलं होतं. लडकूनं कधी ताडीलासुद्धा तोंड लावलं नव्हतं. पण गॅरेजची जागा हरीशेठची. मी दातओठ खात काम केलं.

निघायच्या सकाळी पार राहनाळ गावापासून माणसं बघायला आली. नारळ फुटला, पेढे वाटले. लांबच्या प्रवासाआधी चारही चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे काढतात, तशी मी काढली. तीन लिंबं चिरडली. पुढच्या डाव्या चाकाखालचं चौथं अख्खं राहिलं.

टायरच्या खाचेत सापडलं असेल, म्हणून पुन्हा ठेवलं. चाक वरून गेलं. लिंबाच्या सालीवर चरासुद्धा नाही.

लोक कुजबुजू लागले, तसा हरीशेठ उखडला. "इंजिन बंद कर! साधं लिंबू लावता येत नाही तुला?"

मी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, खाली उतरलो. जमीन अशी सपाट, की पाणी सांडलं तर जागेवर राहील. हरीशेठनं चाकापुढे गुडघे टेकले आणि लिंबू हातानं आत सारलं.

तेवढ्यात गर्दीतून आई पुढे आली. लडकू गेल्यापासून तिनं गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं.

"शेट, माजा पोर दारू पिला न्हवता. येवढा बोला, नि जा."

हरीशेठनं मानही वर केली नाही. "शुभ वेळेला रडगाणं नको, गोदूबाई. बेवडाच होता तो."

गाडी हलली.

आवाज नाही, धक्का नाही. चाक त्याच्या हातावर चढलं, खांद्याला रेटून त्याला आडवं केलं आणि छातीला टेकून थांबलं.

आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी मागे ढकलली. हलेना. मी आत डोकावलो. हँडब्रेक ओढलेलाच होता. खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी मला बरं वाटलं.

आई त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली.

"आता बोल."

"नव्हता," हरीशेठ कण्हला. "लडकू... प्यायला नव्हता."

सगळ्यांनी ऐकलं. मी हँडब्रेक सोडला, आम्ही पुन्हा जोर लावला. गाडी जागची हलली नाही.

"आई, बोलला तो," मी म्हणालो. "लडकूला सांग ना, सोड म्हणून."

आईनं ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. पोर जेवून उठायची वाट बघावी, तशी निवांत पाहत राहिली. मग खाली वाकली.

"त्याला आयकू न्हाय आला," ती म्हणाली. "जोरान बोल."

चाक बोटभर पुढे सरकलं.